फ्री डिशचं रेकॉर्डिंग करणारा घरचा कॉम्प्युटर: भाग निवडताना सुरुवात छतापासून

आमच्या साताऱ्याच्या घरात टीव्हीखाली पुस्तकाएवढी एक काळी पेटी आहे. आई तिला "डबा" म्हणते. संध्याकाळी ती देवळात असते तेव्हा सह्याद्रीच्या बातम्या डब्यात साठतात, आणि रात्री भाकरी थापून झाली की ती त्या निवांत बघते. मधेच फोन आला तर थांबवते. महिन्याला एक रुपयाही भरावा लागत नाही.

हे बघून बरेच जण विचारतात, "कुठला प्रोसेसर घेतलास?" खरं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. रेकॉर्डिंग म्हणजे आकाशातून आलेला आकड्यांचा प्रवाह जसाच्या तसा डिस्कवर उतरवणं. त्यात प्रोसेसरला काही काम नसतं. अशी पेटी फसते ती छतावर, केबलच्या जोडात, ट्यूनरच्या (केबलमधला सिग्नल कॉम्प्युटरला वाचून देणाऱ्या यंत्राच्या) ड्रायव्हरमध्ये नाहीतर वीज गेल्यावर. म्हणून मी छतापासून केबल धरून खाली येतो. खरेदीही त्याच क्रमाने करा.

रेकॉर्ड काय होतं, काय नाही

पैसे भरून घेतलेल्या डीटीएच आणि केबलच्या वाहिन्या कुलूपबंद असतात. त्यांची चावी कंपनीच्या बॉक्समध्ये आणि कार्डात असते, त्यामुळे आपल्या ट्यूनरला त्या उघडत नाहीत. बॉक्सच्या एचडीएमआयमधून चित्र पकडायला गेलात तर तिथे एचडीसीपीचं, म्हणजे नक्कल रोखणारं संरक्षण आडवं येतं. तुमच्याकडे तसलंच कनेक्शन असेल तर त्याच कंपनीचा रेकॉर्डिंगवाला बॉक्स घ्या आणि हा लेख इथेच सोडा.

आपल्या उपयोगाची आहे ती प्रसार भारतीची डीडी फ्री डिश, छत्रीवर मोफत वाहिन्या देणारी सेवा. २००४ च्या डिसेंबरमध्ये ती डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. आता ती जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. हा उपग्रह २०१५ च्या नोव्हेंबरात सोडला आणि तो ९३.५ अंश पूर्वेला आहे. तिच्या बहुतेक वाहिन्या बिनकुलपाच्या असतात. त्या दोन प्रकारांनी येतात: काही जुन्या डीव्हीबी-एस या प्रसारणपद्धतीने, चित्र एमपीईजी-२ मध्ये दाबून, तर काही नव्या डीव्हीबी-एस२ ने, एमपीईजी-४ मध्ये दाबून. एस२ चा ट्यूनर दोन्ही वाचतो, एस चा फक्त जुनं.

रेकॉर्डिंग घरात बघण्यापुरतं ठेवा. यूट्यूबवर चढवायला गेलात तर हक्कांचा प्रश्न येतो, आणि तो तुमच्याच गळ्यात पडतो.

छत्री, एलएनबी आणि केबल

साठ-पासष्ट सेंटिमीटरची छत्री पुरते. सातारा-पुण्याच्या पट्ट्यातून हा उपग्रह आग्नेयेला, उत्तरेपासून साधारण १३१ अंशांवर आणि क्षितिजापासून ५९ अंश उंचीवर दिसतो. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फारसा फरक नाही, त्यामुळे फोनमधलं होकायंत्र चालतं. फक्त लोखंडी खांबापासून दोन पावलं लांब उभे राहा. छत्री बघून मात्र फसू नका. तिची रचना तिरकी, म्हणजे ऑफसेट असते, त्यामुळे ती वाटते तितकी वर बघत नाही. ५९ अंशांसाठी तिची थाळी पस्तीसएक अंशच मागे झुकलेली दिसेल.

ज्यांच्या छतावर छत्री आधीच आहे त्यांनी नवी घेऊ नये, एलएनबी (छत्रीच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा भाग) बदलावा. एका तोंडाचा असेल तर दोन तोंडांचा घ्या: एक केबल जुन्या सेट टॉप बॉक्सला, दुसरी कॉम्प्युटरला. दोन ट्यूनर लावायचे असतील तर चार तोंडांचा. इथे पैसे वाचवायला बाजारातला साधा स्प्लिटर लावू नका. एलएनबीला कुठलं ध्रुवीकरण, म्हणजे लहरींची उभी की आडवी दिशा, हवं हे केबलमधल्या व्होल्टेजवरून कळतं: १३ व्होल्टला उभं, १८ ला आडवं. स्प्लिटरवर दोन ट्यूनर बसले आणि एकाला १३, दुसऱ्याला १८ हवे असतील, तर दोघांत ओढाताण होते आणि एकाचं रेकॉर्डिंग कोरं राहतं. एलएनबीच्या स्टिकरवर ९७५०/१०६०० असे दोन आकडे असतील तर तो युनिव्हर्सल. स्टिकरचा फोटो काढून ठेवा. पुढे सॉफ्टवेअरमध्ये हेच भरायचं असतं, आणि तेव्हा कोणी पुन्हा छतावर चढत नाही.

केबल आरजी-६ घ्या, शक्यतो आतला तार अख्खा तांब्याचा. बरेचदा तांब्याचा मुलामा दिलेला लोखंडी तार विकतात. लोहचुंबक लावून बघा, लगेच कळतं. मुलाम्याचा तार सिग्नल नेतो, पण एलएनबीला लागणारी वीज नेताना त्यात जास्त गळती होते. त्यात जोड गंजलेले असतील तर १८ व्होल्ट वर पोचेपर्यंत इतके उतरतात, की एका ध्रुवीकरणाच्या वाहिन्या एकदम नाहीशा होतात. "काही लागतात, काही लागत नाहीत" अशी तक्रार असेल तर आधी जोड उघडा.

जोडाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण माझे तीन रविवार त्यात गेले. एफ-कनेक्टर (केबलच्या टोकाचा धातूचा जोड) बसवताना वरची काळी साल दीड सेंटिमीटर सोलायची, जाळी मागे उलटवायची, पांढरा फोम कापून मधला तार उघडा करायचा. माझ्याकडून जाळीचा केसाएवढा एक तंतू पुढेच राहिला आणि मधल्या तारेला टेकला. बाहेरून जोड अगदी व्यवस्थित दिसत होता. सिग्नल शून्य. मी छत्री फिरवत बसलो, आणि बरोबर लागलेली छत्री हलवून ठेवली. शेवटी भिंगातून बघितलं तेव्हा तो तंतू चमकला. तेव्हापासून प्रत्येक जोड लावण्याआधी उजेडाकडे धरून बघतो. कनेक्टर पिळून बसवायचा घेऊ नका, दाबून बसणारा घ्या. छतावरच्या जोडावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप गुंडाळा, आणि केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल.

पाऊस आला की या लहरी क्षीण होतात. त्यावर पूर्ण उपाय नाही, पण गाठीला शिल्लक ठेवता येते. कोरड्या दिवशी छत्री लावताना "चित्र आलं, झालं" म्हणून उतरू नका. सिग्नल-नॉइज गुणोत्तराचा (सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे त्याचा) आकडा बघत छत्री मिलिमीटरने हलवा, आणि आकडा सर्वांत वर असेल तिथे घट्ट करा. ती दोन-तीन डेसिबलची शिल्लक जुलैत कामाला येते. महाबळेश्वर किंवा कोकणात राहत असाल तर सरळ ७५ किंवा ९० सेंटिमीटरची छत्री घ्या.

ट्यूनर: इथे घाई करू नका

ऑनलाइन दुकानांत "यूएसबी टीव्ही ट्यूनर" शोधलं की पहिल्यांदा बोटाएवढ्या स्वस्त काड्या दिसतात. त्या डीव्हीबी-टी च्या, म्हणजे युरोपात जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून येणाऱ्या सिग्नलच्या. छत्रीला त्यांचा उपयोग नाही. नावात एस२ असल्याशिवाय काहीच घेऊ नका.

मग दोन वाटा: यूएसबीचा ट्यूनर किंवा कॉम्प्युटरच्या आत बसणारं पीसीआय एक्सप्रेसचं कार्ड. छोट्या मिनी पीसीत कार्डाला जागा नसते, तिथे यूएसबीच. पण उपग्रहाच्या यूएसबी ट्यूनरला स्वतःचा अ‍ॅडाप्टर लागतो. कारण साधं आहे: एलएनबी १८ व्होल्टला २०० मिलीअँपिअर ओढत असेल तर ते झाले ३.६ वॉट, आणि यूएसबी २ चं भोक जेमतेम अडीच वॉट देतं. अ‍ॅडाप्टरशिवाय चालतो असं कोणी सांगितलं तर तो ट्यूनर कशाचा आहे ते पुन्हा विचारा.

किती ट्यूनर हवेत? लोकांना वाटतं, एका वेळी चार वाहिन्या रेकॉर्ड करायच्या तर चार लागतील. तसं नसतं. एका ट्रान्सपाँडरवर, म्हणजे उपग्रहावरच्या एका प्रक्षेपकावर, दहा-पंधरा वाहिन्या एकत्र येतात, आणि ट्यूनर लावतो तो वाहिनी नव्हे, अख्खा ट्रान्सपाँडर. त्यावरच्या तुम्हाला हव्या तितक्या वाहिन्या एकाच ट्यूनरवर एकाच वेळी उतरवता येतात. म्हणून आधी रोज लागणाऱ्या वाहिन्यांची यादी करा आणि त्या कुठल्या ट्रान्सपाँडरवर आहेत ते बघा. बहुतेक घरांना एक पुरतो, दोन असले की चैन.

आता ड्रायव्हर. लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) ज्याचा ड्रायव्हर आहे असा ट्यूनर मिळाला तर दोन पैसे जास्त द्या. कंपनीचा ड्रायव्हर स्वतः बांधून घ्यावा लागत असेल, तर प्रत्येक कर्नल-अपडेटनंतर तो पुन्हा बांधावा लागतो. माझ्या पहिल्या कार्डाचं हेच झालं. रात्री अपडेट आपोआप चढलं, सकाळी कार्ड गायब. मी त्या आठवड्यात पुण्याला होतो. चौथ्या दिवशी आईचा फोन: "अरे, डब्यात सोमवारपासून काहीच नाही बघ. रागावलाय का?" असलंच कार्ड घ्यावं लागलं तर कर्नलची आवृत्ती गोठवून ठेवा आणि अपडेट फक्त स्वतः समोर बसून करा.

ट्यूनर विकत घेण्यापूर्वी त्याच्या आतल्या चिपचं नाव आणि तुमच्या लिनक्सचं नाव एकत्र शोधून बघा. खोक्यावर लिनक्सचं पेंग्विन छापलेलं असणं पुरेसं नाही.

कॉम्प्युटर

इथे मी भरभर जातो. इंटेलचा एन१०० हा २०२३ च्या जानेवारीत आलेला, चार कोअरचा, सहा वॉटचा प्रोसेसर या कामाला भरपूर आहे. एमपीईजी-२, एच.२६४ (म्हणजे फ्री डिशचं एमपीईजी-४), एचईव्हीसी, अशा सगळ्या प्रकारे दाबलेलं चित्र तो चित्रविभागाच्या जोरावर उलगडतो. ८ जीबी रॅम घ्या. १६ ने काही वाढणार नाही, ते पैसे एलएनबी आणि केबलमध्ये घाला.

माळ्यावर जुना डेस्कटॉप पडला असेल तर तो वापरावासा वाटतो, आणि कार्डाला जागा असल्यामुळे सुरुवातीला ठीकही आहे. पण ही पेटी दिवसरात्र चालू राहते. नुसती बसून ५० वॉट खाणारी मशीन वर्षाला ४३८ युनिट घेते, १० वॉटची ८८. तुमच्या वीजबिलाच्या दराने गुणून बघा. शिवाय जुन्या मशीनचा पंखा रात्री बैठकीच्या खोलीत घरघरतो, तो वेगळाच.

रास्पबेरी पाय ५ बद्दलही विचारतात. रेकॉर्डिंगला उत्तम. बघण्यासाठी एवढं लक्षात घ्या, की त्यात एच.२६४ साठी वेगळं हार्डवेअर नाही, प्रोसेसरच ते काम करतो. फ्री डिशच्या वाहिन्यांना तो पुरा पडतो.

आणि एक गोष्ट बऱ्याच जणांच्या डोक्यातच येत नाही: रेकॉर्ड करणारी पेटी टीव्हीखाली असायलाच हवी असं नाही. केबल जिन्यात उतरत असेल तर पेटी जिन्यातल्या फडताळात ठेवा, घरच्या नेटवर्कला तारेने जोडा, आणि टीव्हीला कोडी (रेकॉर्डिंग बघायचं सॉफ्टवेअर) चालवणारी एखादी अँड्रॉइड पेटी लावा. छतावरून येणारी केबल जितकी आखूड, तितकं बरं.

डिस्क

गणित तोंडी करता येतं. मेगाबिटमधल्या वेगाला ०.४५ ने गुणा, तासाला लागणारे जीबी मिळतात. साधी वाहिनी ३ मेगाबिटची धरली तर तासाला १.३५ जीबी, ८ मेगाबिटची एचडी असेल तर ३.६. म्हणजे एक टेराबाइटमध्ये साध्या वाहिनीचे सातशेहून जास्त तास बसतात.

"एसएसडी लिहून लिहून मरते, म्हणून हार्ड डिस्कच घे," असं दुकानदार सांगतात. रोज सहा तास रेकॉर्डिंग म्हणजे दिवसाला आठ जीबी, वर्षाला तीन टेराबाइट. साध्या ५०० जीबी एसएसडीचीही लिहिण्याची हमी शंभर टेराबाइटच्या वर असते. तेव्हा रोज बघून पुसणाऱ्या घराने नुसती एसएसडी घ्यावी. आवाज नाही, गरमी नाही.

ज्यांना जपून ठेवायचं आहे, म्हणजे शास्त्रीय संगीताच्या मैफली, जुन्या मुलाखती, त्यांनी सिस्टिमसाठी छोटी एसएसडी आणि साठवणीला मोठी हार्ड डिस्क घ्यावी. सीसीटीव्हीसाठी विकतात त्या डिस्क इथे चालतात, कारण त्या दिवसरात्र लिहिण्यासाठीच केलेल्या असतात. खोक्यावर किंवा कंपनीच्या तक्त्यात सीएमआर (डिस्कवर लिहिण्याची नेहमीची पद्धत) लिहिलंय ना ते बघा.

वीज

आमच्याकडे वळवाचे दोन थेंब पडले की वीज जाते, आणि नेमकी बातम्यांच्या वेळी. राउटरला लावतात तो बारा व्होल्टचा छोटा यूपीएस बऱ्याच मिनी पीसींना चालतो, कारण त्यांचा अ‍ॅडाप्टरही बारा व्होल्टचाच असतो. अँपिअर मात्र जुळवून घ्या: पीसी तीन अँपिअर मागत असेल आणि यूपीएस दोनच देत असेल तर ऐन कामात मशीन बसेल.

छत्रीला वेगळी वीज लागत नाही, ती केबलमधून ट्यूनरच देतो. हे माहीत असूनही मी चुकलो. पीसी यूपीएसवर होता, यूएसबी ट्यूनरचा अ‍ॅडाप्टर मात्र भिंतीतल्या बोर्डावर. दोन मिनिटं वीज गेली. पीसी डौलात चालू, ट्यूनर मेलेला, आणि वीज परत आल्यावरही तो आपण होऊन जागा झाला नाही. दोन्ही अ‍ॅडाप्टर एकाच आधारावर ठेवा.

बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन, वीज आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हावी अशी सोय चालू करा. ती बहुतेक वेळा बंदच असते. विकत घेण्याआधी ती सोय त्या मॉडेलमध्ये आहे का हे विचारा, कारण काही स्वस्त मिनी पीसींत ती नसतेच, आणि मग वीज गेली की कोणीतरी बटण दाबेपर्यंत पेटी झोपलेली राहते.

टीव्हीवरचं चित्र

बातम्या लावा आणि पडद्याच्या खालून सरकणारी पट्टी बघा. अक्षरांच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या फाटलेल्या दिसल्या तर डीइंटरलेसिंग, म्हणजे अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करणं, नीट होत नाही. आपल्याकडचं जुनं प्रसारण ५७६आय, म्हणजे सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं. कोडीत वाहिनी चालू असताना चित्राच्या सेटिंगमध्ये डीइंटरलेसिंगची पद्धत हार्डवेअरवर, हालचालीप्रमाणे बदलणारी निवडा.

पट्टी स्वच्छ आहे पण अडखळत सरकते? मग टीव्हीला चित्र ६० हर्ट्झने जातंय. कोडीत पडद्याचा वेग चित्राप्रमाणे बदलायची सोय चालू करा, टीव्ही ५० वर येईल आणि पट्टी लोण्यासारखी सरकेल. एवढ्या एका खुणेसाठी लोक उगाच महागडं ग्राफिक्स कार्ड घेतात.

रिमोटचंही आधी ठरवा. टीव्हीच्याच रिमोटने पेटी चालावी असं वाटत असेल तर एचडीएमआय-सीईसी लागतं. रास्पबेरी पायमध्ये ते असतं, बऱ्याच मिनी पीसींत नसतं. तिथे यूएसबीचा इन्फ्रारेड रिसीव्हर आणि मोठ्या बटणांचा साधा रिमोट घ्या. हवेत फिरवायचा माउस-रिमोट आईने दोन दिवसांत परत केला.

जोडणीचा क्रम

एकेकाळी विंडोजमध्येच मीडिया सेंटर मिळायचं. २०१५ ला विंडोज १० आलं तेव्हा ते काढून टाकलं. आता मी डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार), त्यावर टीव्हीहेडएंड रेकॉर्डिंगला आणि कोडी बघायला, असं सांगतो.

टीव्हीहेडएंड बसवलं की ब्राउझरमध्ये ९९८१ या पोर्टवर त्याचं पान उघडतं. ट्यूनर चालू करा, एलएनबीचा प्रकार स्टिकरप्रमाणे भरा, डीव्हीबी-एस चं नेटवर्क करून ट्रान्सपाँडर घाला, स्कॅन करा, आणि सापडलेल्या सेवांतून फक्त लागणाऱ्या वाहिन्या यादीत घ्या. सगळ्या घेतल्यात तर आई हरवते. प्रसार भारती वाहिन्यांच्या जागांचा लिलाव करते, त्यामुळे वाहिन्या येतात, जातात, जागा बदलतात. एखादी अचानक दिसेनाशी झाली तर पेटी फोडू नका, पुन्हा स्कॅन करा.

कार्यक्रमपत्रिका आकाशातून अर्धवटच येते. नेहमीच्या कार्यक्रमांसाठी वेळेवर आधारलेलं रोजचं रेकॉर्डिंग लावणं जास्त भरवशाचं. सुरुवातीला पाच आणि शेवटी दहा मिनिटं जास्त ठेवा. डिस्कवर किती जागा कायम मोकळी राहावी हेही तिथेच भरता येतं. ते भरलं की जुनं आपोआप पुसलं जातं.

पेटी लगेच कपाटात कोंबू नका. आठवडाभर समोर ठेवा आणि रोज सकाळी टीव्हीहेडएंडच्या रेकॉर्डिंगच्या यादीतला डेटा-एररचा रकाना बघा. शून्य किंवा एक-दोन असेल तर ठीक. ऊन असूनही शेकड्यांत असेल तर ट्यूनर परत पाठवायच्या आधी शिडी काढा आणि एलएनबीकडचा जोड उघडून बघा.